थेंबातल्या जत्रेचा फोटो

बालदोस्तांनो,

मागच्या खेपेला आपण हातभिंगातून मुंगीच्या मिशा पाहिल्या. त्यावर एका छोट्या मित्राचा प्रश्न आला, "बाई, मुंगीपेक्षाही लहान प्राणी पाहायचे असतील तर कुठं जायचं?" लांब कुठंच जायचं नाही! गच्चीवर जा. चिमण्यांसाठी पाण्याचं मातीचं भांडं ठेवलंय ना तुम्ही? आठवडाभर कुणी घासलं नसेल तर त्याच्या कडेला हिरवट बुळबुळीत थर आला असेल. आई म्हणेल, "शी! आधी घासून काढ ते." तिला म्हणा, "आई, फक्त एक थेंब घेतो, मग घासतो." त्या एका थेंबात जत्रा भरलेली असते. आज आपण ती जत्रा पाहणार आहोत आणि तिचा फोटोही काढणार आहोत.

आमच्या छत्रपती संभाजीनगरला पाण्याचं कौतुक फार. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीखालून नहर काढून डोंगराकडचं पाणी शहरात खेळवलं. पाणचक्कीत नहरीच्याच पाण्याच्या जोरावर दळणाचं जातं फिरायचं. तुम्ही सहलीला आला असाल तर भिंतीवरून पडणारी ती पाण्याची चादर पाहिलीच असेल. आणि याच शहरात वर्षानुवर्षं नळाला काही दिवसांआड पाणी येत आलं आहे, त्यामुळं घराघरात ड्रम, टाक्या नि हौद भरून ठेवायची सवय. मी तर म्हणते, इथल्या प्रत्येक घरात एक छोटं तळंच आहे. कूलरची टाकी, कुंडीखालची ताटली, मनीप्लँटची बाटली. सगळी तळीच की! हर्सूलच्या तलावावर किंवा सलीम अली सरोवराशी गेल्याशिवाय हा छंद लागत नाही असं मुळीच नाही.

आता यंत्राचं बघू. तुमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक असतं, पण ते बहुधा कपाटात कुलूप लावून ठेवलेलं असतं. सरांना किंवा बाईंना नीट विचारा. मुलं स्वतःहून विचारायला आली की कपाटाची किल्ली पटकन सापडते, हा माझा अनुभव आहे. डोळ्याजवळचं भिंग १० पट आणि थेंबाजवळचं भिंगही १० पट मोठं दाखवणारं असेल, तर दोन्ही मिळून वस्तू १०० पट मोठी दिसते. सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं. उगाच पहिल्याच दिवशी ४०० पटीवर उडी मारू नका, तिथं एखादा प्राणी शोधणं म्हणजे दुर्बिणीतून गर्दीत मामा शोधण्यासारखं आहे!

शाळेत सूक्ष्मदर्शक नसेल तरी हिरमुसू नका. मेरठमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणारे मनू प्रकाश यांनी जिम सायबुल्स्की या आपल्या विद्यार्थ्याबरोबर चक्क कागदाच्या घड्या घालून तयार होणारं सूक्ष्मदर्शक बनवलं आणि २०१४ साली ते जगापुढं ठेवलं. त्याचं नाव फोल्डस्कोप. त्यात शाबुदाण्याहूनही लहान असं एकच भिंग असतं, तरी ते वस्तू १४० पट मोठी दाखवतं. खिशात मावतं आणि लोहचुंबकानं मोबाइलला चिकटतं.

एकच भिंग, तेही मण्याएवढं! ही युक्ती मात्र जुनी आहे बरं का. चौथीच्या इतिहासातलं १६७४ हे साल आठवतं ना? त्या साली जूनमध्ये रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक झाला. त्याच सालच्या सप्टेंबरात, तिकडे दूर हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी, अँटनी फान लेव्हेनहूक नावाच्या एका कापड दुकानदारानं लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिलं. त्याच्या गावाजवळ एक सरोवर होतं. उन्हाळ्यात त्याचं पाणी हिरवट-पांढुरकं व्हायचं. आसपासचे लोक म्हणायचे, हा दवाचा परिणाम. लेव्हेनहूकनं काय करावं? थोडं पाणी काचेच्या कुपीत भरून घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः घासून तयार केलेल्या चिमुकल्या भिंगाखाली धरलं. त्याला केसासारखे तंतू दिसले आणि त्यांच्या आत सापाच्या वेटोळ्यासारख्या हिरव्या पट्ट्या. त्यांच्या आजूबाजूला इवले इवले जीव वर, खाली, गोल गोल फिरत होते. ते हिरवे तंतू म्हणजे बहुधा आपलं स्पायरोगायरा, शेवाळाचा एक प्रकार. तुमच्या शास्त्राच्या पुस्तकात त्याची आकृती आहे.

लेव्हेनहूक महाविद्यालयात गेला नव्हता. त्याला चांगलं चित्रही काढता येत नव्हतं. मग भिंगातून दिसलेलं दुसऱ्याला पटवायचं कसं? त्यानं पैसे देऊन एक चित्रकार ठेवला आणि जे दिसतं ते त्याच्याकडून काढून घेतलं. तरी सुरुवातीला लोकांचा विश्वास बसेना. शेवटी १६७७ साली रॉयल सोसायटीत रॉबर्ट हूक यांनी तोच प्रयोग करून ते जीव इतरांना दाखवले, तेव्हा कुठं सगळ्यांनी माना डोलावल्या.

आपल्याजवळ चित्रकार नाही, पण मोबाइल आहे. आईचा किंवा बाबांचा. तेव्हा फोटोची पहिली पायरी म्हणजे परवानगी! ती मिळाली की पुढचं ऐका.

काचपट्टीच्या मधोमध ड्रॉपरनं एकच थेंब ठेवा. शेवाळाचा टाचणीच्या टोकाएवढा तुकडा त्यात असू द्या, कारण मोकळ्या पाण्यापेक्षा शेवाळाच्या आडोशाला वस्ती जास्त असते. वरची पातळ काच सपाट आदळू नका, एक कड आधी टेकवून हळूच खाली सोडा. हवा आत कोंडली की घोटाळा झालाच म्हणून समजा. जाड काळी कड आणि आत लख्ख पांढरं, असा मोठ्ठा गोल दिसतो. आमच्या वर्गात नवीन आलेलं प्रत्येक मूल ओरडतं, "बाई, सापडला!" आणि जुनी मुलं एका सुरात सांगतात, "तो बुडबुडा आहे!" दरवर्षी पहिला फोटो बुडबुड्याचाच असतो. असू द्या, तोही आम्ही वहीत ठेवतो.

डोळ्यांनी चित्र स्पष्ट झालं की मगच मोबाइल वर आणायचा. कॅमेऱ्याचा डोळा नेत्रिकेच्या अगदी मधोमध आणि किंचित वर हवा. हात हलतो, म्हणून जाड पुठ्ठ्याची पट्टी नेत्रिकेभोवती गुंडाळून एक छोटी नळी करा आणि तिच्या काठावर मोबाइल टेकवा. आधी काळ्या पडद्यावर चमकणारा चंद्र दिसेल. घाबरून बाजूला सरकू नका, हळूहळू चित्र मोठं करा म्हणजे चंद्र पडदाभर पसरेल. बटण बोटानं दाबलं की धक्का बसतो, त्यासाठी दोन सेकंदांचा टायमर लावा. पळणाऱ्या प्राण्याचा फोटो काढण्यापेक्षा व्हिडिओ काढणं बरं, मग त्यातलं हवं ते चित्र थांबवून निवडता येतं. माझ्या लहानपणी कॅमेऱ्यात ३६ फोटोंचं रीळ असायचं, एक फोटो वाया गेला की घरात सगळे हळहळायचे. तुम्ही शंभर वाया घालवा, काही बिघडत नाही.

पॅरामेशियम मात्र तुमचा घाम काढणार! चपलेच्या तळव्याच्या आकाराचा हा एकपेशीय जीव अंगभर असलेल्या बारीक केसांची वल्ही मारत सुसाट पळतो. त्याच्यासाठी कापसाचे चार-पाच तंतू विस्कटून थेंबात टाका. ते त्याला अडथळे वाटतात, तो फिरून फिरून एकाच जागी येतो. पॅरामेशियम हवाच असेल तर डबक्याच्या पाण्यात वाळलेल्या गवताच्या काड्या टाकून बरणी चार-पाच दिवस ठेवा. वास येईल, हे आधीच सांगून ठेवते. बरणी स्वयंपाकघरात ठेवू नका.

व्हॉर्टिसेला माझा सर्वांत लाडका. देठावर उभी असलेली इवलीशी घंटाच! जरा धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळतो आणि घंटा खाली. पुन्हा सावकाश वर. वर्गातली मुलं टेबलावर टिचकी मारून त्याला दचकवतात आणि मी रागावल्याचं नाटक करते. रोटिफरच्या डोक्यावर दोन चाकं गरगर फिरताना दिसतात. खरं म्हणजे ती चाकं नसतातच, केसांच्या दोन झुपक्यांमधून लाटा धावतात आणि आपल्या डोळ्यांना चाक फिरल्याचा भास होतो. अमीबा मात्र पुस्तकात जितका सहज भेटतो तितका थेंबात भेटत नाही, तेव्हा तो दिसला नाही म्हणून रुसू नका.

आणि डायटम! दगडावरचा तपकिरी, निसरडा थर जुन्या दातांच्या ब्रशनं खरवडून थोड्या पाण्यात घ्या. होड्या, काड्या, करंज्या अशा आकाराचे सोनेरी-तपकिरी कण दिसतील. ही एकपेशीय शेवाळंच, पण त्यांचं घर काचेसारख्या सिलिकाचं आणि त्यावर नाजूक नक्षी. ही पिटुकली मंडळी मुख्यतः समुद्रात पण नद्या-तळ्यांतही राहतात, आणि पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी सुमारे पाचवा भाग एकट्या डायटमांचा आहे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. स्वच्छ पाण्यातले डायटम वेगळे आणि घाण पाण्यातले वेगळे. त्यामुळं कुठले डायटम सापडले यावरून पाण्याची तब्येत कळते.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. कोल्हापूरच्या परिसरात एच. पी. गांधी नावाचे एक वनस्पतिशास्त्रज्ञ ओढ्या-तळ्यांतले डायटम गोळा करत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांची चित्रं काढत आणि कुठल्या ठिकाणी काय सापडलं ते लिहून ठेवत. कोल्हापूर आणि आसपासच्या डायटमांवरचा त्यांचा लेख १९५८ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पुढं पन्नासहून अधिक वर्षांनी, २०१२ साली, बी. कार्तिक या भारतीय शास्त्रज्ञांनी एका अमेरिकन सहकाऱ्याबरोबर गांधींनी कोल्हापूरहून नोंदवलेल्या डायटमांचा एक गट पुन्हा नव्यानं तपासला. कशाच्या आधारावर? गांधींनी काढलेली चित्रं आणि लिहून ठेवलेली ठिकाणं! एका डायटमच्या जातीला तर आता गांधींचंच नाव आहे.

म्हणून आमच्या वर्गाचा एक नियम आहे. फोटो कितीही सुंदर येऊ द्या, त्याच्याखाली चार गोष्टी लिहिल्या नाहीत तर तो वहीत चिकटवायचा नाही. तारीख, जागा, पाणी कसं होतं आणि किती पट मोठं करून पाहिलं. जागा म्हणजे 'तळं' एवढंच नाही. 'पिंपळाच्या बाजूला, पायऱ्यांजवळ, हातभर खोलीवर' असं. आणि आकार कळावा म्हणून एखाद्या फोटोत आपल्या डोक्याचा एक केस थेंबात ठेवायचा. माणसाच्या केसाची जाडी साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते. पॅरामेशियम त्या जाडीच्या दोन-तीन पट लांब भरलं, म्हणजे अंदाज आला ना?

लोणारचं सरोवर आमच्यापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. जून २०२० मध्ये त्याचं पाणी एकाएकी गुलाबी झालं आणि ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळं कारण. त्याच्या पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले, तेव्हा ती करामत खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची निघाली. त्यांच्या अंगात गुलाबी रंगद्रव्य असतं. लेव्हेनहूकच्या सरोवराची आठवण झाली ना? तिथंही आधी चर्चा आणि मग थेंब!

गेल्या वर्षी आमच्या पालकसभेच्या दिवशी मुलांनी आपले फोटो भिंतीवर लावले होते. एका मुलीची आजी एका फोटोपुढं थबकली. फोटो सायक्लॉप्सचा होता. ज्वारीच्या कण्याएवढाही नसलेला, पाण्यात टुणटुण उड्या मारणारा जीव. डोक्यावर एकच डोळा, आणि मादी असेल तर शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या. नातीनं सांगितलं, "आजी, हा पाण्यातून पोटात गेला की नारू व्हायचा." आजी म्हणाली, "अगं माय! हाच का तो? याच्यापायीच तर आमची सासू दुहेरी धडप्यातून पाणी गाळायला लावायची. नाव ऐकलं होतं, तोंड आज पाहिलं."

तुम्ही नारू हा शब्दही ऐकला नसेल. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. बारवेच्या पायऱ्या उतरून लोक पाण्यात पाय घालत. ज्याच्या पायाला नारूची जखम असे, त्यातून नारूची पिल्लं पाण्यात पडत. सायक्लॉप्स ती गिळत आणि न गाळलेल्या पाण्याबरोबर सायक्लॉप्स माणसाच्या पोटात जात. सुमारे वर्षभरानं हातभराहूनही लांब जंत पायातून बाहेर येई, तोही काडीला गुंडाळत, रोज थोडा थोडा. आपला महाराष्ट्रही त्या रोगानं त्रासलेल्या राज्यांपैकी एक होता. पाणी गाळणं, पायऱ्यांच्या विहिरींतलं पाणी पिणं बंद करणं, हातपंप बसवणं, अशा साध्या उपायांनी रोग हटला. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. सायक्लॉप्स मात्र आजही डबक्यात आहेत, आणि नारूची पिल्लं नसल्यामुळं बिचारे निरुपद्रवी आहेत.

त्याच सभेत दुसऱ्या एका फोटोनं पालकांची गडबड उडवली. डासाच्या अळीचा फोटो, आणि खाली जागा लिहिलेली : 'आमच्या घरचा निळा ड्रम.' ज्या मुलानं लिहिलं त्याची आई तिथंच बसलेली! पण तिनं रागवण्याऐवजी बाकीच्यांना विचारलं, "तुमच्याकडं बघितलंय का कुणी?" पुढच्या आठवड्यात मुलांनी घरोघरचे ड्रम तपासले आणि सात घरांत अळ्या सापडल्या. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करायची. पाणी जपून वापरणाऱ्या घराला हे जड जातं, मला ठाऊक आहे. निदान ड्रमला घट्ट झाकण किंवा कापड बांधा.

पालकांसाठी दोन शब्द. मूल डबक्याचं पाणी घरी आणतंय म्हणून ओरडू नका, पण त्याला तळ्यावर, विहिरीवर किंवा खाणीच्या खड्ड्यावर एकटं कधीही पाठवू नका. दोरी बांधलेली बाटली काठावरून टाकली तरी काम होतं. हाताला जखम असेल तर पाण्यात हात घालू द्यायचा नाही, आणि नंतर साबणानं हात धुवायचे. सूक्ष्मदर्शकाचा आरसा थेट सूर्याकडं वळवू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. खिडकीतला उजेड भरपूर होतो. पाहून झालं की थेंब जिथला तिथं परत सोडायचा. डासांच्या अळ्या मात्र नाही, त्यांना कोरड्या मातीवर ओता.

आमच्या शाळेच्या मागं एक डबकं होतं. नाव नसलेलं. पावसाळ्यात भरायचं, होळीपर्यंत टिकायचं. दोन वर्षं मुलांनी दर शनिवारी तिथून एक थेंब आणला. यंदा तिथं मुरूम टाकून प्लॉट पाडले आहेत. त्या डबक्यात कोण कोण राहत होतं हे आता फक्त आमच्या वहीत आहे. ३१ फोटो, प्रत्येकाखाली तारीख आणि जागा. त्यातल्या बहुतेकांची नावं आम्ही पुस्तकं पाहून, विचारून शोधली. १७ नंबरच्या फोटोत एक लांबट, पारदर्शक जीव आहे, मागच्या टोकाला दोन काटे, पोटात हिरवे ठिपके. कुणी म्हणतं रोटिफर, कुणी म्हणतं नाही. पुन्हा थेंब आणून पाहावं तर डबकं नाही. त्याच्यापुढं मुलांनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. तुमच्याकडच्या एखाद्या डबक्यात तो दिसला, तर तारीख नि जागा लिहून मला नक्की कळवा.

तुमची,
बाई